कमी वजनाचं बाळ घरी आलं: पहिल्या दोन वर्षांत कधी, कुठे आणि कशासाठी दाखवायचं

अडीच किलोच्या आत जन्मलेल्या बाळांच्या घरांतून मी फिरून फिरून त्याच चुका ऐकतेय. डोळ्यांची तपासणी राहून गेली. "जरा वजन वाढू दे मग लस देऊ" करत लस तीन महिने मागे पडली. लोहाचे थेंब पहिल्या दिवशी जेवढे लिहिले तेवढेच सहा महिने चालू राहिले. आणि बाळाला धाप लागलेली असताना घरचे रात्रभर ओवा भाजून शेकत बसले. माझी मुलगी ३२ आठवड्यांची, १ किलो ६४० ग्रॅमची जन्मली, आता शाळेत जाते, आणि यातल्या दोन चुकांच्या काठावरून मी स्वतः परत आलेय म्हणून एवढं बसून लिहितेय.

अशा बाळांना पहिल्या वर्षात परत ॲडमिट करायची वेळ इतर बाळांपेक्षा जास्त येते, बहुतेकदा छातीच्या इन्फेक्शनमुळे. पुढे मूल मोठं होईल तसा हा फरक कमी होत जातो. म्हणजे धावपळ जी करायची ती सुरुवातीला, आणि योग्य तारखेला. तुमच्या डॉक्टरांनी बाळ बघून काही वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका.

१. आधी दोन आकडे पाठ करा: वजन आणि आठवडे

घरात सगळ्यांना वजन पाठ असतं, आठवडे कुणालाच सांगता येत नाहीत. दोन बाळं घ्या, दोन्ही १ किलो ९०० ग्रॅमची. एक ३३ व्या आठवड्यात झालं, म्हणजे वेळेआधी, पण आठवड्यांच्या मानाने वजन ठीक. दुसरं ३९ व्या आठवड्यात झालं, म्हणजे दिवस भरले पण पोटात वाढ कमी झाली. पहिल्याच्या बाबतीत डोळे, श्वास आणि दूध ओढायची ताकद ही काळजी. दुसरं बाळ दूध चांगलं ओढेल, पण सुरुवातीच्या दोन-तीन दिवसांत त्याची साखर खाली जाऊ शकते, आणि पुढे त्याला कोंबून भरवायचा मोह घरच्यांना आवरत नाही, त्यावर खाली लिहिलंय.

२.५ किलोच्या आत ते कमी वजन, १.५ च्या आत खूप कमी, १ किलोच्या आत अतिशय कमी. ३७ आठवड्यांच्या आधी झालं तर वेळेआधीचं. ओपीडीत प्रत्येक नव्या डॉक्टरला पहिलं वाक्य हेच सांगायचं: "३२ आठवडे, १६४० ग्रॅम, २२ दिवस काचेच्या पेटीत, ४ दिवस ऑक्सिजन." एवढ्याने समोरचा माणूस लगेच वेगळ्या नजरेने बाळ बघतो.

२. डिस्चार्जच्या दिवशी कागद मोजून घ्या

त्या दिवशी डोकं ठिकाणावर नसतं, बिलाची लाईन, गाडी, सासरचे लोक, त्यात आपल्याला नीट बसताही येत नसतं, म्हणून हे काम आधीच एका माणसाला सोपवून ठेवा. त्याने हॉस्पिटलातून निघायच्या आधी हे बघायचं:

- डिस्चार्ज कार्डावर जन्मवजन, आठवडे, घरी जातानाचं वजन, ऑक्सिजन किती दिवस, कावीळ किती होती, रक्त चढवलं का, हे सगळं आहे का
- बीसीजी, पोलिओचा झीरो डोस, हेपॅटायटिस बी यातलं काय दिलं आणि काय राहिलं
- डोळे आणि कान तपासायची तारीख आणि जागा
- प्रत्येक थेंबाचं नाव, आणि एका मिलीत किती मिलिग्रॅम
- माता बाल संरक्षण कार्ड परत हातात आलं का

आमच्या कार्डावर डोळ्यांच्या रकान्यात फक्त "आय, एफ/यू" (म्हणजे डोळे, परत दाखवा) असं गिचमिड लिहिलेलं, तारीख नव्हती. नवऱ्याला वाटलं मला सांगितलं असेल, मला वाटलं त्यांना. दहा दिवसांनी आशाताई घरी आल्या, त्यांनी कार्ड उलटंपालटं करून विचारलं "डोळे कधी?" आणि तेव्हा कुठे आम्ही फोन लावला.

पैशाचंही इथेच बघा. सरकारी हॉस्पिटलात आजारी नवजात बाळाचे उपचार, औषधं, तपासण्या आणि गाडी जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत असतात, आणि ही सवलत बाळ एक वर्षाचं होईपर्यंत आहे. खाजगीत ॲडमिट असाल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ते हॉस्पिटल आहे का हे तिथल्या आरोग्यमित्राला ॲडमिट झाल्या झाल्या विचारा, बिल तयार झाल्यावर विचारून हाती फारसं लागत नाही. मेडिक्लेम असेल तर बऱ्याच पॉलिसीत बाळ ९० दिवसांचं झाल्यावरच कव्हर होतं, मॅटर्निटी कव्हर असेल तर कधी पहिल्या दिवसापासून. जन्माची बातमी कंपनीला लगेच कळवायची असते, ते राहून जातं.

चेक: सगळ्या कागदांचे फोटो आई, बाबा आणि अजून एका नातेवाईकाच्या फोनवर हवेत. रात्री दोनला फाईल सापडत नाही.

३. त्याच संध्याकाळी कॅलेंडर भरा

भिंतीवरचं कॅलेंडर घ्या, मोबाईलच्या रिमाइंडरवर अवलंबून राहू नका कारण तो एकालाच दिसतो. समजा बाळ १० जूनला, ३२ आठवड्यांचं जन्मलं. मग तारखा अशा पडतात:

- आशाताईंच्या भेटी: दवाखान्यातल्या बाळंतपणात ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. बाळ पेटीत होतं तर डिस्चार्जपासून उरलेल्या भेटी. नंतर ३, ६, ९, १२, १५ महिन्यांना
- घरी गेल्यावर २-३ दिवसांत डॉक्टरांकडे पहिली चक्कर, मग वजन नीट वाढायला लागेपर्यंत दर आठवड्याला
- १० जुलैच्या आत डोळे, आणि त्याच सुमारास कान
- २२ जुलै, १९ ऑगस्ट, १६ सप्टेंबर: दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांची लस
- ५ ऑगस्ट: हा दिवस मोठ्या अक्षरात लिहा, ४० आठवडे इथे पूर्ण होतात

ही शेवटची तारीख म्हणजे बाळाचं 'करेक्टेड वय' शून्य. ४० मधून ३२ वजा केले, ८ आठवडे उरले, ते ८ आठवडे बाळाच्या वयातून वजा करत राहायचे. १० डिसेंबरला बाळ कागदावर सहा महिन्यांचं, पण वाढ आणि विकास बघताना चार महिन्यांचं. दोन वर्षांचं होईपर्यंत असंच मोजायचं.

थांबा: करेक्टेड वय फक्त वजन, उंची आणि विकासासाठी. लसीला जन्मतारीखच. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

आशाताई आल्या की "सगळं ठीक आहे" म्हणून दारातून परत पाठवू नका. ही घरी येऊन बाळ बघायची पद्धत गडचिरोलीत 'सर्च' या संस्थेच्या कामातून उभी राहिली, आणि बाळाचं तापमान, श्वास, वजन बघायचं ट्रेनिंग त्यांना असतं.

४. ऊब, दूध, वजन, याच क्रमाने

*ऊब.* गार पडलेलं बाळ दूध ओढत नाही, आणि दूध न ओढलेलं बाळ अजून गार पडतं. म्हणून ऊब पहिली. बाळाला फक्त लंगोट, टोपी, मोजे घालून आईच्या उघड्या छातीवर उभं ठेवायचं, वरून साडी किंवा शाल. यालाच कांगारू केअर म्हणतात, दिवसात किमान ८ तास आणि जमेल तेवढं त्याहून जास्त. बाबा, आजी, मावशी कुणीही करू शकतं. आमच्याकडे माझे सासरे रोज संध्याकाळी दोन तास बातम्या ऐकत नातीला छातीशी धरून बसायचे. बाळ साधारण अडीच किलोचं झालं की स्वतःच वळवळ करून बाहेर यायला बघतं, तोपर्यंत चालू ठेवा.

डिजिटल थर्मामीटर घ्या. काखेत ९७.७ ते ९९.५ फॅरनहाइट हे बरोबर. त्याखाली गेलं तर लगेच छातीशी धरा आणि अर्ध्या तासाने परत बघा. नुसत्या हाताने अंदाज घेताना पोट आणि तळपाय दोन्हीला हात लावायचा, पोट गरम आणि पाय गार म्हणजे बाळाला थंडी वाजतेय.

आंघोळीची घाई नको, २ किलो होईपर्यंत कोमट पाण्याच्या फडक्याने पुसलं तरी पुरे. शेगडीची धुरी तर अजिबात नको. आजीला वाईट वाटतं हे मला माहितीये, पण या बाळांची फुफ्फुसं नाजूक असतात आणि धूर बाळ असलेल्या खोलीत नकोच, मग तो उदबत्तीचा असो, डासांच्या कॉइलचा असो की सिगारेटचा.

*दूध.* दर दोन-तीन तासांनी, दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळा. लहान बाळ भुकेने रडत नाही, झोपून राहतं, त्यामुळे "रडलं की पाजू" हा नियम इथे लागू नाही, उठवून पाजायचं. ओढता ओढता थकत असेल तर दूध काढून वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने द्या, बाटली नको. काढलेलं दूध बाहेर ४ तास, फ्रीजमध्ये २४ तास. मध, गुटी, साखरपाणी, गाईचं दूध काही नाही. मध तर वर्षभर नाही.

*वजन.* सुरुवातीच्या दिवसांत वजन थोडं उतरतंच, वेळेआधीच्या बाळाला जन्मवजनावर परत यायला दोन-तीन आठवडे लागू शकतात. त्यानंतर घरी रोज सरासरी २० ते ३० ग्रॅम वाढ दिसली पाहिजे. रोज मोजू नका, आठवड्यातून एकदा, एकाच काट्यावर, कपडे काढून. एकदा अंगणवाडीत, एकदा दवाखान्यात असं केलं की दोन काट्यांतला फरकच शंभर ग्रॅमचा निघतो आणि घरात उगीच रडारड.

चेक: २४ तासांत किमान ६ वेळा शू झाली का? आठवड्याला दीडशे ग्रॅमपेक्षा कमी वाढ दोन आठवडे सलग दिसली तर पुढच्या तारखेची वाट न बघता जा.

५. थेंबांचा डोस वजनाबरोबर बदलतो

वेळेआधीच्या बाळाला आईकडून मिळणारा लोहाचा साठा पुरेसा मिळालेला नसतो कारण तो शेवटच्या महिन्यांत भरतो. म्हणून काही आठवड्यांनी लोहाचे थेंब सुरू होतात, साधारण किलोला २ ते ४ मिलिग्रॅम, आकडा डॉक्टर ठरवतात. डी जीवनसत्त्व बहुतेकांना रोज ४०० युनिट.

आता माझ्या घरचा प्रसंग सांगते. मुलगी साडेतीन किलोची झालेली, डोस रोज ७ मिलिग्रॅम, आमच्या बाटलीत एका मिलीत १० मिलिग्रॅम, म्हणजे ०.७ मिली. बाटली संपली. दुकानात ती नव्हती, "सेम आहे" म्हणून दुसरी दिली, खोकाही तसाच लालसर. मी ड्रॉपर ०.७ पर्यंत भरला आणि सहज बाटली फिरवली तर मागे बारीक अक्षरात मिलीला ५० मिलिग्रॅम. म्हणजे पाचपट. ड्रॉपर तसाच बेसिनमध्ये रिकामा केला. बाजारात मिलीला १०, २५ आणि ५० अशा सगळ्या बाटल्या आहेत, आणि डी जीवनसत्त्वाच्याही ४०० आणि ८०० अशा दोन्ही.

म्हणून डोस कधीच "अर्धा ड्रॉपर" असा लक्षात ठेवू नका, मिलिग्रॅममध्ये ठेवा. बाटली बदलली की फोटो काढून डॉक्टरांना पाठवा, मगच द्या. आणि प्रत्येक चकरेला विचारा, "वजन वाढलंय, डोस बदलायचा का?"

शी काळपट होते, ते लोहामुळे, घाबरू नका.

६. डोळे आणि कान: या तारखा पुढे ढकलायच्या नाहीत

जन्मवजन २ किलोच्या आत किंवा ३४ आठवड्यांच्या आत जन्म, तर डोळ्यांच्या पडद्याची तपासणी ३० दिवसांच्या आत. २८ आठवड्यांच्या आत किंवा १२०० ग्रॅमच्या आत असेल तर अजून आधी, दोन-तीन आठवड्यांतच. ३४ ते ३६ आठवड्यांच्या बाळाला जास्त ऑक्सिजन लागला असेल किंवा ते फार आजारी पडलं असेल तरी विचारायचं. आजाराचं नाव आरओपी, बाहेरून डोळा अगदी छान दिसतो, बाळ दिव्याकडे बघतंही, आणि आत पडद्यावरच्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढत असतात. लेझर किंवा इंजेक्शन लागलं तर ते दोन-तीन दिवसांत द्यावं लागतं, नंतर नजर परत आणता येत नाही.

क्रम असा. आधी फोन करून विचारा की तिथे पडदा बघणारे डॉक्टर आरओपी तपासतात का, चष्म्याच्या नंबरवाल्याकडे जाऊन उपयोग नाही. तपासणीच्या तासभर आधी दूध थांबवा म्हणजे उलटी होणार नाही. बाहुली मोठी करायचे थेंब घालतात, बाळ रडतं, मला बघवलं नव्हतं, पण काही मिनिटांत संपतं. झाल्यावर छातीशी धरून पाजा.

थांबा: "एकदा दाखवलं, नॉर्मल आहे" म्हणजे संपलं नाही. "पडदा पूर्ण तयार झाला, आता यायची गरज नाही" असं लिहून मिळेपर्यंत दिलेल्या प्रत्येक तारखेला जायचं. ही दुसरी आणि तिसरी चक्करच लोक चुकवतात.

कानांसाठी एक महिन्याच्या आत स्क्रीनिंग. पेटीत राहिलेल्या बाळाला बेरा (कानापासून मेंदूपर्यंतची नस बघायची) तपासणीही करून घ्या, फक्त ओएईवर, म्हणजे आतला कान बघणाऱ्या साध्या तपासणीवर थांबू नका. टाळी वाजवल्यावर दचकलं म्हणजे ऐकू येतं असं नाही. दोष असेल तर तीन महिन्यांपर्यंत पक्कं निदान आणि सहा महिन्यांपर्यंत उपाय सुरू व्हायला हवा, बोलणं शिकायचं वय तेच असतं.

७. लस जन्मतारखेने, वजनाने नाही

बाळ स्थिर असेल तर दीड महिन्याची लस दीड महिन्यालाच, वजन २ किलो २०० असलं तरी. डोस अर्धा करायचा नसतो. ज्या बाळाला डांग्या खोकला किंवा न्यूमोनिया झेपणार नाही त्याचीच लस आपण थांबवून ठेवतो, हे मला कधीच पटलं नाही. जन्माच्या वेळी काही राहिलं असेल तर पहिल्याच चकरेत भरून काढायचं बोला. ६ महिने झाले की फ्लूच्या लसीबद्दल विचारा.

बारशाला घर भरवू नका. सर्दी झालेला माणूस कितीही जवळचा असो, बाळाजवळ नको. बाहेरून आलेल्याने आधी साबणाने हात.

८. धोक्याची लक्षणं आणि रात्रीचा प्लॅन

ही यादी फ्रीजवर लावा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळात यातलं एक जरी दिसलं तरी लगेच निघायचं:

- दूध ओढत नाही किंवा अचानक निम्म्यावर आलं
- झटके
- हलवल्याशिवाय हालचाल करत नाही, अंग ढिलं
- मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास, किंवा श्वास घेताना छातीचा खालचा भाग खूप आत जातोय
- ओठ निळसर, श्वास मध्येच थांबतोय
- काखेत ९९.५ च्या वर, किंवा ९५.९ च्या खाली
- तळहात-तळपाय पिवळे
- नाळेभोवती लाल, पू

श्वास मोजायची पद्धत चुकली की सगळंच चुकतं. बाळ शांत असताना, झबलं वर करून, पोट वर आलं की एक, घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, लहान बाळ मध्ये मध्ये भरभर श्वास घेतं आणि मग थांबतं. ६० किंवा जास्त आलं तर परत एकदा मोजा, दुसऱ्यांदाही तेच आलं तर निघा. २ महिने ते १ वर्ष ५० किंवा जास्त, १ वर्षानंतर ४० किंवा जास्त म्हणजे श्वास वाढलेला.

कुठे जायचं हे दिवसा ठरवा. गल्लीतला दवाखाना जवळ असला तरी तिथे नवजात बाळाची सोय नसेल तर मधला अर्धा तास फुकट जातो. जिल्हा रुग्णालय, स्त्री रुग्णालय, मेडिकल कॉलेज इथे एसएनसीयू, म्हणजे आजारी नवजात बाळांचा खास कक्ष असतो. तुमच्या घरापासून सगळ्यात जवळचा कुठला, रात्री कुठलं गेट उघडं असतं, हे एकदा जाऊन बघून या. गाडीसाठी १०८, आणि बाळ-बाळंतिणीसाठी १०२.

निघताना बाळ छातीला बांधून, टोपी घालून. गिळत असेल तरच दूध. फाईल, लंगोट, चार्जर.

९. दोन महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत

इथे चूक उलटी होते, प्रत्येक शिंकेला डॉक्टर. नाक वाहतंय पण बाळ पितंय, खेळतंय आणि श्वास नॉर्मल आहे, तर सलाइनचे नाकातले थेंब आणि जास्त वेळा दूध एवढंच. दोन वर्षांखाली सर्दी-खोकल्याचं सिरप नको, मागच्या वेळचं उरलेलं अँटिबायोटिक तर नकोच. जुलाब झाले तर ओआरएस, आणि डॉक्टर सांगतील तसं झिंक १४ दिवस, शी घट्ट झाली तरी पूर्ण. फार लहान बाळ असेल, श्वास वाढला असेल किंवा शू कमी झाली असेल तर मात्र दाखवायलाच हवं.

वाढीचा आलेख दर महिन्याला भरा, अंगणवाडीत भरतात, पण वेळेआधीच्या बाळाचा बिंदू करेक्टेड वयावर मांडायला आठवण करा, नाहीतर चांगल्या वाढणाऱ्या बाळाला कुपोषित म्हणतील आणि तुम्ही रात्रभर झोपणार नाही. एका बिंदूपेक्षा रेघ कुठे चाललीय ते महत्त्वाचं. वरचं खाणं कधी सुरू करायचं हे डॉक्टरांना विचारून, मान धरता येते का आणि आधाराने बसतं का बघून.

दिवस भरलेल्या पण बारीक बाळाला सहा महिन्यांत गुटगुटीत करायच्या मागे लागू नका. पुण्यात केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या टीमने दाखवलंय की आपली बाळं वजनाने बारीक असूनही त्यांच्या अंगात चरबीचं प्रमाण तुलनेने जास्त असतं. अशा मुलांचं वजन पुढे फार झपाट्याने वाढलं तर मोठेपणी शुगर-बीपीचा धोका वाढतो. साखर घातलेली पेज, बिस्किटं, वजन वाढवायची पावडर यांची गरज नाही. उंची आणि डोक्याचा घेरही मोजून मागा, फक्त वजन नको.

विकासाच्या चकरा करेक्टेड ३, ६, ९, १२, १८ आणि २४ महिन्यांना. यातलं काही दिसलं तर पुढच्या तारखेपर्यंत थांबू नका: ३ महिन्यांना चेहरा बघून हसत नाही, ४ महिन्यांनंतरही मान धरत नाही, ९ महिन्यांना आधाराशिवाय बसत नाही, पाय कात्रीसारखे ताठ, किंवा वर्षाच्या आतच एकच हात वापरतंय आणि दुसऱ्याची मूठ मिटलेली. शेजारच्या काकू म्हणतील आमचाही उशिरा चालला, त्यांचं ऐकून सहा महिने घालवू नका. जिल्हा रुग्णालयांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं, तिथे फिजिओथेरपी, कान, डोळे, बोलणं हे सगळं एका छताखाली आणि मोफत बघतात. अंगणवाडीत तपासणीला येणाऱ्या टीमकडून किंवा आशाताईंकडून चिठ्ठी घ्या, पहिल्या खेपेला डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स आणि घरी काढलेला दोन मिनिटांचा व्हिडिओ न्या ज्यात बाळ खेळतंय, कारण तिथे अनोळखी माणसं बघून ते हमखास रडतं आणि काहीच करून दाखवत नाही.